वास छान सुटलाय

‘हे पान हातात चुरा आणि नाकाशी धरा,’ बाजाराच्या तोंडाशी एका झाडाचं पान तोडून देत ख्रू नोई म्हणाली. ‘डोळे मिटून. मग सांगा, काय आठवतं.’

मी पान चुरलं, हुंगलं आणि डोळे मिटूनच म्हणाले, ‘लिंबाची साल. आणि थोडं गवत.’ आमच्याबरोबर एक डच नवरा-बायको होते. नवऱ्याला भांडी घासायचा साबण आठवला. बायकोने त्याला कोपराने ढोसलं.

‘मावशी, तुला?’

कुंदामावशीने पान नाकापाशी नेलं, क्षणभर धरलं आणि मला परत दिलं. ‘छान आहे.’

‘छान म्हणजे कसं?’

‘छान म्हणजे छान. प्रत्येक गोष्टीची फोड कशाला हवी असते तुला, शाल्मले? हे झाड कलमाचं की बियांचं, ते विचार त्यांना.’

ख्रू म्हणजे थाई भाषेत शिक्षिका. नोई इंग्रजीत बोलायची, मी ते मावशीला मराठीत सांगायचे आणि मावशीचं तिला इंग्रजीत. मी विचारलं. झाड बियांचं होतं. मावशीने मान हलवली, जणू तिचा अंदाज बरोबर निघाला होता.

याला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा रसायनशास्त्रात एम.एस्सी. होऊन पुण्यात एका पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत लागले होते. चिआंग माईला एक परिषद होती, तिथे माझं छोटंसं काम मांडायचं होतं. आईला रजा मिळेना, म्हणून तिची थोरली बहीण माझ्यासोबत आली. कुंदामावशी अठ्ठावन्न वर्षांची होती आणि विमानात पहिल्यांदाच बसली होती. परिषद संपल्यावर दोन दिवस हातात होते. त्यातला एक दिवस बाजार आणि स्वयंपाकाचा वर्ग, असं मीच ठरवलं, आणि ते काही सहज ठरवलं नव्हतं.

मावशी गुहागरच्या बाजूला एका खेड्यात राहते. तिथे माघात लक्ष्मीनारायणाचा पाच दिवस उत्सव असतो. रोज तीनशे पानं उठतात. नैवेद्याचं स्वयंपाकघर एका बाईच्या हाताखाली चालतं, आणि बावीस वर्षं मावशी त्या बाईंच्या शेजारी उभी राहून राबली होती. त्या वर्षी त्या बाई मुलाकडे नागपूरला कायमच्या गेल्या. देवस्थानचं बघणाऱ्या दामूअण्णांनी मावशीला विचारलं, आता तुम्ही मुख्य व्हाल का? सगळ्या घराला वाटलं, ही लगेच हो म्हणणार. पण मावशी महिनाभर नुसतं ‘सांगते’ म्हणत राहिली. शेवटी अण्णांनी तारीख घातली. ती तारीख म्हणजे हाच दिवस. आपल्याकडचे दोन वाजले की ते फोन करणार होते, म्हणजे तिथले साडेतीन.

आईचं म्हणणं, ताई घाबरली. मलाही तसंच वाटत होतं. परक्या मुलखात, परक्या चुलीपुढे उभी राहिली की हिला आपल्या हाताची किंमत आपोआप कळेल, असा माझा हिशेब होता.

बाजारात आम्ही तासभर फिरलो. कोळिंजनाची आल्यासारखी मुळं, गोट्यांएवढी हिरवी वांगी, केळीच्या पानात बांधलेला भात, माडाच्या गुळाच्या वड्या. मावशीने एका बाईकडून नारळ मागून घेतला, कानाशी हलवला आणि परत ठेवला. ‘पाणी आटलंय,’ ती मराठीत म्हणाली. बाईने दुसरा काढून दिला. दोघींचं माझ्यावाचून चाललं होतं.

पुढच्या वळणापाशी सुक्या मासळीचा वास आला. डच बाईने ओढणीसारखा पंचा नाकाला लावला. मला आधी मावशी आठवली, कारण गुहागरच्या स्टँडवर एसटीत सुकटीची टोपली चढली की मावशी पदर नाकाशी धरून खिडकीबाहेर तोंड काढते. इथे ती शांतपणे चालत राहिली. वीसेक पावलांवर टोपल्या दिसल्या. त्या दिसल्यावर तिने पदर नाकाला लावला. हा उशीर मी टिपला. माझी सवयच ती. पण त्याचा अर्थ लावायचं माझ्या मनात आलं नाही.

*

नोईचं घर गावाच्या कडेला होतं. मागच्या पडवीत पत्र्याखाली सहा शेगड्या मांडल्या होत्या. चपला बाहेर काढायच्या, हात धुऊन आत यायचं. मावशीला हे पटलं. ‘शिस्तीची आहे हो बाई,’ ती मला म्हणाली.

नोई पन्नाशीची, ठेंगणी, बोलताना हातातली पळी हलवणारी. तिने पहिलाच नियम सांगितला. ‘प्रत्येक पायरीला चाखायचं. चमचा तोंडात घातल्याशिवाय कुणी पुढे जायचं नाही.’

‘त्यांना सांग,’ मावशी म्हणाली, ‘मी चाखत नाही.’

मला हे सांगावं लागणार हे माहीत होतं. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. देवाच्या आधी कुणाच्या जिभेला लागलेलं चालत नाही. बावीस वर्षं असं करून मावशीला ती सवयच लागली होती. घरच्या आमटीलाही ती चमचा लावत नसे. मीठ ती हाताने ओळखायची, तिखट रंगावरून, फोडणी कानाने.

मी हे सगळं सांगितल्यावर नोईने पळी खाली ठेवली. ‘माझी आजीही भिक्खूंसाठी काढलेलं अन्न चाखायची नाही,’ ती म्हणाली. ‘पण मग काही बिघडलं असेल तर यांना कळतं कसं?’

मी मावशीला विचारलं.

मावशी जरा थांबली. मग म्हणाली, ‘वासावरून.’

हिरवी करी करायची होती. मावशीसाठी नोईने वाटणात कोळंबीचा गोळा घातला नव्हता, आणि बाकीच्यांना मासे मुरवून काढलेलं खारं पाणी, तर मावशीला सोयाबीनचं, असं ठरलं होतं. मी बाहेर सगळं खाते हे मावशीला ठाऊक आहे. ‘बाहेर काय खायचं ते खा, माझ्या भांड्यात नको,’ एवढाच तिचा करार. म्हणून माझ्या शेगडीपाशी माशाची बाटली होती आणि शेजारी मावशीच्या शेगडीपाशी सोयाची.

खलबत्त्यात वाटण कुटताना मावशीने डच नवऱ्याला मागे टाकलं. तो घामाघूम झाला होता. ‘त्याला सांग, हाताने नको कुटू, बत्त्याला पडू दे,’ मावशी म्हणाली. मी सांगितलं. त्याने बत्ता पडू दिला, तो त्याच्या बोटावर पडला आणि बायको खूप वेळ हसत राहिली.

मग तुळशीचं निघालं.

‘हे शेवटी वरून घालायचं,’ मी पानं पुढे केली.

‘तुळस? कढईत?’

‘देवाची नाही गं ही. सब्जाची.’

‘मंजिऱ्या तर तशाच आहेत.’ तिने जुडी उलटीपालटी करून पाहिली. ‘बरं. मी घालीन, पण तू विचारलंस म्हणून. वर विचारलं तर तुझं नाव सांगेन.’

नारळाचं दाट दूध कढईत ओतलं. नोईने सांगितलं, घाई करायची नाही. दूध आटेल, फाटेल, कडेला तेल सुटेल. तेल सुटल्यावरच वाटण टाकायचं. आम्ही बाकीचे तिघंही कढईत डोळे घालून उभे राहिलो. मावशी मात्र अंगणातल्या चिकूच्या झाडाकडे पाहत पळी फिरवत होती.

‘झालं माझं,’ ती म्हणाली. तिने अजून कढईत पाहिलं नव्हतं.

नोई आली. कढईच्या कडेला तेलाची चकाकी नुकतीच धरू लागली होती. तिने माझ्याकडे पाहिलं. ‘यांना कसं कळलं?’

‘पाणी असेतो ते बुडबुडतं,’ मावशी म्हणाली. ‘पाणी सरलं की चुरचुरतं. ऐक की.’

नोईने सगळ्यांना मावशीच्या कढईभोवती बोलावलं आणि ऐकायला लावलं. पाच माणसं माना वाकवून एका कढईचं ऐकत होती. मावशीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं, माझा बेत जमतोय. आज अण्णांना हो मिळणार.

त्यानंतर मी जे केलं ते अगदी क्षुल्लक आहे. वाटण परतत असताना मी दोन्ही बाटल्या हातात घेतल्या. दोन्हींचा रंग तोच, आकार तोच, अक्षरं थाई. पण मागच्या बाजूला क्षारांचं प्रमाण छापलं होतं आणि कुठल्यात जास्त मीठ आहे हे मला बघायचं होतं. माशाच्या पाण्यात जवळपास दीडपट निघालं. मी समाधानाने बाटल्या खाली ठेवल्या. कुठली कुठे ठेवली हे मला आजही आठवत नाही. आकडे मात्र अजून पाठ आहेत.

मग मी खलबत्ता धुवायला मागच्या नळावर गेले.

*

परत आले तेव्हा पडवीत माशाचा वास होता. तो आम्हा बाकीच्यांच्या कढयांतून यायला हवा होता, पण आमच्यात ते पाणी अजून पडलंच नव्हतं. वास मावशीकडून येत होता. गरम कढईत ते पाणी पडलं की क्षणभर सगळी मासळीची जेट्टीच घरात आल्यासारखी होते. नाक असलेल्या माणसाला तो चुकणं शक्य नाही.

मावशी कढईवर वाकली होती. डोळे मिटलेले, हाताने वाफ तोंडाकडे घेत होती.

‘वास छान सुटलाय,’ ती म्हणाली.

पहिल्यांदा मला बाटली कळली. मग ते वाक्य कळलं. पाठोपाठ सकाळचा पदर, ‘छान आहे’, ‘छान म्हणजे छान’, सगळं एका ओळीत उभं राहिलं.

मी गॅस बंद करायला हवा होता. तिला बाजूला घेऊन हळूच सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी प्रयोगशाळेत शिकले होते ते केलं. दोन छोट्या वाट्या घेतल्या, एकीत एका बाटलीतलं चमचाभर ओतलं, दुसरीत दुसरीतलं, आणि तिच्यापुढे धरल्या.

‘मावशी, एक गंमत. यातलं सोया कुठलं, ओळख बघू.’

तिने पहिली वाटी नाकाशी नेली. मग दुसरी. मग तिने वाट्यांकडे पाहिलंच नाही, माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी चेहरा कोरा ठेवला. ते मला चांगलं जमतं.

‘हे,’ तिने बोट दाखवलं. चुकीचं होतं.

मी वाट्या पाठीमागे नेल्या, अदलाबदल केली आणि परत पुढे धरल्या. ‘आता?’

‘हे.’ या वेळी बरोबर आलं. पण नुसत्या अंदाजानेही निम्मी उत्तरं बरोबर येतात. मी पुन्हा हात पाठीमागे नेले.

तिसऱ्यांदा तिने वाट्या माझ्या हातातून काढून घेतल्या आणि ओट्यावर ठेवल्या. ‘तू माझी परीक्षा घेत्येस,’ ती म्हणाली.

‘मावशी, तुझ्या कढईत माशाचं पाणी पडलंय.’

तिने शेगडी बंद केली. कोपरापर्यंत हात धुतले, साबण लावून, दोनदा. मग चपला घालून अंगणात निघून गेली.

नोई लगबगीने आली. मी तिला सगळं सांगितलं, बाटल्या मीच हलवल्या हेही सांगितलं. तिने मावशीची कढई उचलून बाजूला ठेवली. मग त्या दोन वाट्यांकडे पाहिलं. ‘आणि या कशाला?’

मी त्या उचलून नळाखाली रिकाम्या केल्या.

*

मावशी चिकूखालच्या बाकावर बसली होती. मी शेजारी बसले. ती पायाने वाळकी पानं गोळा करत होती.

‘कधीपासून?’ मी विचारलं.

‘गेल्या वर्षीच्या भाद्रपदापासून. चौदा महिने झाले. ताप आला, सर्दी झाली. ताप गेला, नाक काही आलं नाही. एक दिवस हिंगाचा डबा उघडला, तर मला वाटलं, कुणी पीठ भरून ठेवलंय.’

‘डॉक्टर?’

‘चिपळूणला जाऊन आले. एकटीच. वर्षात येईल म्हणाले.’

‘काकांना माहीत आहे?’

‘त्यांना आमटी आवडत्येय. त्यांना काय सांगायचं?’

‘निदान आईला तरी.’

‘तुझ्या आईला सांगितलं की दवंडी पिटायला नको.’

मला हसू आलं, तिला आलं नाही.

‘मग गेल्या माघातला उत्सव?’

‘केला की. मीठ हाताला कळतं, तिखट डोळ्यांना दिसतं. चाखायचं तर कुणीच नसतं, त्यामुळे कुणाला संशय यायचं कारण नाही. आणि शेजारी बाई होत्या. त्या म्हणायच्या, कुंदे, तूप उतरव, की मी उतरवायचे. नाक त्यांचं, हात माझे. त्यांनाही कळलं नाही. आता त्या नागपूरला गेल्या.’ तिने पानांचा ढीग पायाने मोडला. ‘तीनशे पानं, शाल्मली. दूध फाटलं की दिसतं, पण फाटायच्या आधी वास येतो. खवट तूप दिसायला चांगल्या तुपासारखंच असतं. चव घ्यायची नाही, वास येत नाही, मग मी तिथे उभी राहून करणार काय?’

‘म्हणून नाही म्हणणार होतीस?’

‘नाही म्हटलं तर का ते सांगावं लागेल.’ तिने पायाखालचं एक पान चुरलं. ‘हो म्हणणार होते. सकाळी बाजारात नारळ निवडताना पक्कं केलं होतं. म्हटलं, निभेल. निभलंय की वर्षभर.’

आतून डच नवऱ्याच्या हसण्याचा आवाज आला.

‘मावशी, त्या वाट्यांचं. मी करायला नको होतं.’

‘पहिल्यांदा ठीक होतं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा कशाला?’

‘खात्री करायला.’

‘झाली?’

‘हो.’

‘मग बरं झालं. एकीला तरी झाली.’ तिने माझ्याकडे पाहिलं नाही. पण उठून गेलीही नाही.

मी म्हटलं, मी दर माघात रजा काढून येईन, तुझ्याशेजारी उभी राहीन. ती म्हणाली, ‘तू पहिल्या वर्षी येशील. दुसऱ्या वर्षी फोन करशील.’ ते खरं होतं.

नोई दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात धुतलेली कढई होती आणि झाकणाचं सील न फोडलेली सोयाची बाटली. तिने काही समजावलं नाही, माफीही मागितली नाही. कढई मावशीपुढे धरली आणि म्हणाली, ‘अगेन.’

एवढं इंग्रजी मावशीला येत होतं. ती उठली.

*

साडेतीनला पाच मिनिटं असताना दाट दूध पुन्हा कढईत पडलं. डच जोडपं करी संपवून गेलं होतं. पडवीत आम्ही तिघीच होतो. दूध नुकतं बुडबुडायला लागलं होतं तेव्हा मावशीच्या पिशवीत फोन वाजला.

‘उचल. मोठ्याने लाव,’ ती म्हणाली. ‘माझा हात गुंतलाय.’

मी फोन ओट्यावर ठेवला.

‘कुंदावहिनी, काय म्हणतो परदेश?’ दामूअण्णांचा आवाज आला. ‘भात तरी मिळतो का धड?’

‘भातच मिळतो. अण्णा, मला वास येत नाही.’

‘म्हणजे? सर्दी झाली का?’

‘झाली होती. चौदा महिन्यांपूर्वी. तेव्हापासून कसलाच वास येत नाही. हिंगाचा नाही, धुराचा नाही, कसलाच.’

पलीकडे कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता. कुणीतरी तो बंद केला.

‘चौदा महिने,’ अण्णा म्हणाले. ‘म्हणजे गेला उत्सव...’

‘तोही.’

‘कुणाला कळलं नाही.’

‘नाही.’

‘वहिनी, मग आता तरी कशाला सांगताय? लोक उगाच मागचं उकरून काढतील.’

मावशीची पळी थांबली नाही. फक्त आवाज जरा खाली आला. ‘आज माझ्या कढईत मासा पडला, अण्णा. आणि मी म्हटलं, वास छान सुटलाय.’

नोईला मराठी येत नव्हतं, तरी ती हातातलं फडकं पिळायचं थांबली. फोन तुटला की काय म्हणून मी वाकून पाहिलं. तुटला नव्हता.

‘कुठला मासा?’ अण्णांनी विचारलं.

‘मला काय माहीत कुठला? बाटलीत होता.’

पलीकडून एक खोकल्यासारखा आवाज आला. मग तो खोकला नाही हे आम्हाला कळलं. मावशीने ओठ आवळून धरले, पण तिचे खांदे हलत होते.

‘खाल्लात?’

‘नाही. हिने सांगितलं.’

‘हिने म्हणजे सुमनच्या मुलीने? हुशार आहे.’

‘आहे,’ मावशी म्हणाली. ‘जरा जास्तच आहे.’

‘मग आता काय करायचं म्हणता?’

‘मला शेजारी एक माणूस द्या. चाखणारं नको, नाक असलेलं हवं. तूप, दूध, नारळ आधी त्याच्याकडून जाईल, मग माझ्याकडे येईल. आणि माझ्याबद्दल सगळ्यांना माहीत असेल. लपवून मी आता करणार नाही.’

‘हुंगलेलं नैवेद्याला चालेल का, हा प्रश्न येणार, वहिनी.’

‘गुरुजींना विचारा. मला विचाराल तर खवट तूप त्याहून चालत नाही. आणि नसेल जमत तर मोकळेपणी सांगा. दुसरं कुणी बघा. मी नारळ खवायला येईन, तिथे नाक लागत नाही. एक मिनिट अण्णा, थांबा.’

कढईतला आवाज बदलला होता. या वेळी मलाही कळला. मावशीने वाटण टाकलं, दोनदा परतलं आणि मग फोनकडे वळली. ‘हं, बोला.’

‘तुम्ही करताय काय तिकडे?’

‘स्वयंपाक.’

‘पुढच्या गुरुवारी बैठक आहे,’ अण्णा म्हणाले. ‘मी मांडत नाही. तुम्ही या आणि तुमच्या तोंडाने सांगा.’

‘येते,’ मावशी म्हणाली, आणि मी फोन ठेवला.

ती बैठक दीड तास चालली, असं आईने नंतर सांगितलं. दोघांनी कडाडून विरोध केला. गेल्या वर्षीच्या नैवेद्याचं काय, असंही एकाने विचारलं आणि मावशी मान खाली घालून बसून राहिली. शेवटी गुरुजी म्हणाले, कच्चा जिन्नस हुंगून घेणं म्हणजे तो निवडून घेणं, तांदूळ निवडतो तसंच. त्या माघात मावशी मुख्य झाली. शेजारी दामूअण्णांची सून मिथिला असायची. ती दर भांड्यापाशी वाकायची आणि मावशीकडे बघून मान हलवायची. मावशीने असे सात उत्सव केले. तिचं नाक परत आलं नाही.

पण त्या दुपारी यातलं काहीच आम्हाला माहीत नव्हतं. मावशीने वांगी शिजवली, सील फोडून सोया घातलं, गूळ घातला, शेवटी नाइलाजाने ती सब्जाची पानं घातली आणि शेगडी बंद केली. वाफ वर आली. या वेळी ती वाफेवर वाकली नाही. तिने कढई माझ्याकडे सरकवली.

‘सांग. कसला वास येतोय?’

‘सिट्रल असणार,’ मी म्हटलं, ‘म्हणजे गवती चहातलं. आणि लिनालूल...’

‘नावं नकोत मला. मला कळेल असं सांग.’

मी पुन्हा वाकले. मला वेळ लागला. असं मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

‘आपल्या घरात गवती चहाचा काढा उकळतोय,’ मी म्हणाले. ‘झाकण नुकतंच काढलंय. कुणीतरी लोणच्यासाठी लिंबं चिरतंय, त्याच्या सालीचा वास बोटांना आहे. आणि शेजारच्या घरात ओलं खोबरं परततायत.’

मावशीने डोळे मिटले होते. ‘कुठल्या शेजारच्या? भिंतीपलीकडच्या, की माडांच्या आगराच्या पलीकडच्या?’

मी परत एकदा हुंगलं. ‘आगराच्या पलीकडच्या.’

‘म्हणजे लांब आहे. नारळ कमी पडला,’ मावशी म्हणाली, आणि तिने पळीभर दाट दूध आणखी ओतलं.